म्हातारीच्या दाढेत अडकलेला शिशाचा मासा

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा मासा आहे. वीतभर लांब, पोटाला चपटा, डोळ्यांच्या जागी दोन टाचण्यांची डोकी आणि शेपटीला तीन टोकांचा गळ. दोरीला बांधून मला समुद्रात सोडतात आणि खालीवर नाचवतात. कॉड मासा मला भाऊबंद समजून गिळायला येतो आणि स्वतःच वर जातो. फसवण्याचा धंदा आहे खरा, पण त्यावर एक घर जेवले आहे, म्हणून मला त्याची लाज वाटत नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या गारठ्या समुद्रातल्या लोफोतेनच्या एका बेटावर, होडीच्या खोपीत झाला. मला ओतणारी बाई आस्लाउग. तिचा नवरा हालवार समुद्रावर गेला की ती खोपीतल्या शेगडीवर जाळ्यांचे जुने शिसे वितळवायची आणि मऊ दगडाच्या साच्यात ओतायची. साचा तिच्या वडिलांनी कोरलेला होता. तो आधी शेगडीजवळ नीट वाळवावा लागतो. त्या दिवशी आस्लाउगला घाई होती आणि साचा दमट राहिला. शिसे आत पडताच तडतडले आणि दगडाचे दोन तुकडे झाले. त्या तुकड्यांतून मी निघालो. पाठीवर चिरेची एक आडवी रेघ घेऊनच निघालो. त्या साच्यातला मी शेवटचा.

आस्लाउग पाच मिनिटे हळहळली आणि मग तिने मला सुरीने घासून चांदीसारखे लख्ख केले. लेकीचा, राग्नीचा, एक लाल लोकरी हातमोजा फाटला होता. त्यातला धागा तिने माझ्या गळाला बांधला. "हा जरा वाकडाच झालाय," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे तुमच्या हातात शोभेल."

मी खरोखरच वाकडा बुडतो, आणि कॉडला ते आवडायचे. हिवाळ्यात त्यांच्या झुंडी बेटांजवळ आल्या की हालवार मलाच दोरीला बांधायचा. अंगणातल्या लाकडी मांडवांवर वाळत टांगलेल्या माशांत माझा मोठा वाटा असे. संध्याकाळी उकडलेला कॉड, त्याचे काळीज आणि गाभोळी ताटात आली की हालवार म्हणायचा, "बाईंचा मासा, बाईंचं जेवण. मी आपला मधला हमाल." त्या कौतुकाने मी किती फुगत असे! शिसे फुगत नाही म्हणून बरे.

मग आस्लाउग गेली. हालवारने होडी पालथी घातली आणि मला खोपीतल्या खिळ्याला टांगले. शिशाला रोज घासले नाही तर ते काळवंडते. मी काळवंडलो. लाल धाग्यावर धूळ बसली. हालवार कधीमधी खोपीत यायचा, माझ्याकडे बघायचा आणि परत जायचा. ते हिवाळे आठवले की अजूनही मला कसेसेच होते.

मला खिळ्यावरून खाली काढले ते प्रेमाने नव्हे, रागाने. राग्नी नवऱ्याला घेऊन कायमची गावी राहायला आली. जावई योस्टाइन डोंगरांपलीकडच्या जंगलमुलखातला. गोड्या तळ्यांत मासे धरून वाढलेला, मनाने साधा. सासऱ्याला खूश करावे म्हणून त्याने शहरातून एक महागडा मासा आणला. धातूचा, निळाहिरवा, ऊन पडले की नजर ठरणार नाही असा. त्याला झोपायला मखमलीची डबी! त्याच्या किमतीत हालवारचे नवे बूट आले असते. मी मनातल्या मनात त्याचे नाव 'साहेब' ठेवले.

हालवारने डबी उघडली, बंद केली आणि परत दिली. "छान आहे हो, जावईबापू. लग्नात घालायला उपयोगी पडेल." मग तो तडक खोपीत आला, आणि मला काढून, मांडीवर घेऊन सुरीने घासू लागला.  इतक्या दिवसांनी माझ्या अंगावर उजेड पडला.

त्या हिवाळ्यात सासरा आणि जावई एका होडीतून जायचे. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने साहेब. खोटे कशाला बोलू? साहेब मासे धरायचा. एखाद्या दिवशी माझ्यापेक्षाही जास्त. पण हालवार त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. जावयाशी तो इतक्या अदबीने बोलायचा की राग्नीला रडू यायचे. "तुझे वडील मला पाहुणाच समजतात," योस्टाइन तिला म्हणायचा, आणि ते खरे होते.

आता आमच्या धक्क्यावरची एक रीत सांगतो. मासेमारीला निघालेल्याला इथे कुणी चांगले चिंतत नाही. चांगले बोलले की समुद्र ऐकतो आणि हात आखडता घेतो. म्हणून आपल्या माणसाला ओरडून सांगायचे, "गळाला घाण लागो!" हा आशीर्वाद योस्टाइनला कधी कुणी दिला नव्हता. पाहुण्याला कोण देणार? आणि त्यालाही रीत कुणी सांगितली नव्हती. एका सकाळी होडीत पाय ठेवताना तो मोठ्या उमेदीने म्हणाला, "आज भरपूर मासे मिळोत, बाबा!"

धक्क्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. हालवार पांढरा पडला. परतायचे तर लोक बघत होते. त्याने होडी सोडली.

व्हायचे तेच झाले. पाण्याखाली एक खडकांची रांग आहे, तिला सगळे म्हातारीची दाढ म्हणतात. चाळीस वाव, म्हणजे जवळजवळ अडीचशे फूट, खोल जाऊन माझा गळ तिच्या फटीत रुतला. हालवारने ओढले. होडीचा वळसा घालून पलीकडून ओढले. दोरी ताणून टणकन सोडून पाहिली. मी हललोसुद्धा नाही. वरचे बोलणे मला तिथे कुठून ऐकू येणार? ते मला नंतर कळले, कारण हालवार मला घासताना सगळे बोलून दाखवतो.

"मागितलेत ना भरपूर?" तो म्हणाला. "घ्या. अख्खा समुद्र लागलाय गळाला."

"चुकलं माझं, बाबा. पण वारा वाढतोय. दोरी कापूया का?"

"हात लावून बघा दोरीला!" हालवार ओरडला. "आस्लाउगनं ओतलाय तो. साचा फुटला. आता कोण ओतणार?"

योस्टाइनला हे ठाऊक नव्हते. तो ताणलेल्या दोरीकडे बघू लागला. मग म्हणाला, "आमच्या तळ्यावर अडकलेल्या गळावर दोरीवरून जड कडी सोडतात. ती ठोकर मारून गळ मोकळा करते."

"इथं तळं नाही. नि जड म्हणाल तर नांगर आहे. तो सोडला तर माशाचा चेंदा होईल."

योस्टाइनने मखमलीची डबी उघडली. पकडीने साहेबाचे गळ कटाकट तोडून टाकले. हालवार बघतच राहिला. योस्टाइनने साहेबाच्या नाकात कडी घातली, ती माझ्या दोरीत ओवली, साहेबाला मागून वेगळी दोरी बांधली आणि खाली सोडले.

खाली काळोखात मी पडून होतो. वरून काहीतरी चकाकत सरसर येताना दिसले आणि डोक्यात ठण्णकन बसले! एकदा, दोनदा, मग पुन्हा. इतका महागडा मार मी जन्मात खाल्ला नव्हता. शेवटच्या ठोक्याला माझा गळ फटीतून निसटला आणि मी वर निघालो. जाता जाता पाहिले, तर माझ्याच फटीत साहेब पाचरीसारखा जाऊन बसला होता आणि कडी तुटली होती.

हालवारने मला मुठीत घट्ट धरले. लाल धागा शाबूत होता. योस्टाइन साहेबाची दोरी ओढत होता.

"थांबा, वळसा घालू," हालवार म्हणाला. "पलीकडून ओढू."

"नको, बाबा. वारा बघा." योस्टाइनने सुरी काढली. "तो दुकानातला आहे." आणि त्याने दोरी कापली.

परतताना हालवारने थर्मासमधली कॉफी आधी जावयाला दिली.

मित्रांनो, महागडा मासा किमतीला उतरतो का, असे मला लहान माशांपासून मोठ्या माणसांपर्यंत कुणीही विचारले तर मी साहेबाचे नाव घेतो. तो पैन् पै उतरला. मी त्याला उगीच नावे ठेवली, आणि आता दाढेवरून जाताना मला त्याची आठवण येते. तुमच्याकडेही कुणी हाताने केलेली, रेघ पडलेली, वाकडी वस्तू खिळ्याला टांगलेली असेल. तिला खाली काढा, गोड्या पाण्याने धुवा, घासा, वापरा. दुःखाने टांगून ठेवलेली वस्तूही गंजतेच. आणि काही अडकले, तर सुरी काढण्याआधी एक वळसा घालून पलीकडून ओढून बघा.

दुसऱ्या सकाळी हालवारची कंबर धरली होती. योस्टाइन एकटाच निघाला. होडीत बसून त्याने सवयीने रिकामी मखमलीची डबी उघडली, तर आत मी! रात्रीच घासून लख्ख केलेला, साहेबाच्या जागेवर पडलेला. योस्टाइनने चमकून वर पाहिले. धक्क्यावर हालवार काठी टेकत उभा होता, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला,

"ए योस्टाइन! घाण लागो रे तुझ्या गळाला! नि जेवायला वेळेवर ये!"

धक्क्यावरचे सगळे हसले. योस्टाइनने हातमोज्याने डोळे पुसले आणि वाऱ्याला दोष दिला. त्या दिवशी आम्ही होडी भरून मासे आणले.

तुम्हीही आता आपापल्या कामाला निघाला असाल. तुम्ही काही मला परके नाही. तेव्हा जा, गळाला घाण लागो, मित्रांनो!