साईड देणाऱ्याची गाडी

आमच्या बुढ्याले मी काहीबी म्हणीन. आडमुठा म्हणीन, बहिरा म्हणीन, चोरून साखर खाणारा म्हणीन. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, तेवढा हक्क माहा. पण दुसऱ्या कोणी, मंग तो पोटचा पोरगा का असेना, माह्या माणसाले चारचौघात बोललं तं माहं डोकं फिरते. यंदाच्या दिवाळीत नेमकं तेच झालं.

शेखर आमचा एकुलता एक. मलकापूरले क्लार्क हाय. सुट्टीत बायको संजीवनी अन् पोरगी समीक्षा, दोघीले घेऊन जानेफळले आला. समीक्षा सहा वर्षांची, अन् तिले आबाच्या गाडीचं भल्लं वेड. गाडी कसली म्हणा, एवढीशी पांढरी डबी, अठरा वर्षं जुनी, आम्ही घेतली तेव्हाच दुसऱ्यानं वापरलेली. आमचा बुढा, शालिग्राम त्याचं नाव, तिच्यात वांगे, मेथी, सांभाराच्या जुड्या भरून मेहकरच्या बाजारात नेते. अन् नात आली की मागच्या सीटवरचं पोतं झटकून तिले बसवते अन् गावभर फिरवते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सारे मेहकरले निघालो. बुढा चालवून राह्यला होता, शेखर बाजूले, आम्ही तिघी मागं. समोरून एसटी आली. आमच्या इकडं रस्ता एकेरी, अन् डांबराच्या कडेले चांगला वीतभर खड्डा. बुढ्यानं नेहमीसारखे डावे चाकं खाली उतरवले, एसटी गेली, अन् गाडी काही वर येईना. ओढतच चालली नालीकडं. बुढ्यानं सारी ताकद लावून स्टेअरिंग उजवीकडं मारलं, ब्रेक दाबला. नाली हातभर राह्यली होती. समीक्षा पुढच्या सीटवर आपटली अन् तिचा ओठ फुटला. रक्त थोडंसंच होतं, पण लेकराचं होतं.

शेखर खाली उतरला. रस्त्यानं जाणारे दोघं-चौघं थांबलेच होते. बुढा सांगून राह्यला की गाडी डावीकडं ओढते, वेग घेतला की स्टेअरिंग थरथरते, मी दाखवणारच होतो. शेखरनं पुरतं ऐकूनबी घेतलं नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणे. "स्टेअरिंग नाही, तुमचे हात थरथरते बाबा. मी केव्हाचा पाहून राह्यलो. आजपासून समीक्षा तुमच्या गाडीत बसणार नाही."

बुढा खाली उतरला. चाबी शेखरच्या हातात देल्ली अन् मागं येऊन माह्या बाजूले बसला. घरी आल्यावर जेवला, पण समीक्षाच्या डोळ्याले डोळा देल्ला नाही. ती 'आबा, आबा' करत मागं फिरे, अन् हा काही ना काही निमित्त काढून गोठ्यात जाय.

मी शेखरले सैपाकघरात गाठलं. चांगला खडसावला. म्हटलं, ज्या हातानं तुले सायकल शिकवली त्या हाताले लोकासमोर नावं ठेवतं काय बे? त्यानं मान खाली घातली, पण मागं हटला नाही. म्हणे, आई, गाडी विकून टाकू, मले तिचं काही नाही, पोरीचं भेव वाटते, नाली अजून हातभर इकडं असती तं? खरं सांगते, मीबी दोन-तीन महिन्यांपासून त्या गाडीत मुठी आवळूनच बसत होती. फक्त बोलली नव्हती.

रात्री पडल्या पडल्या मनात एकच घोळत होतं. गाडी विकली तं विकली, वांगे ऑटोतबी जातात. पण पोरगा आपल्या नातीले आपल्या हाती सोपवत नाही, हे एकदा घरात शिरलं की मंग निघत नाही. शेखर अजून सहा दिवस होता. त्याच्या आत काय ते करायचं होतं.

सकाळीच बुढ्याले उठवलं अन् फाट्यावरच्या धम्मरत्नकडं गाडी नेली. धम्मरत्न मिस्त्री म्हणजे चार शब्दांचा माणूस. त्यानं आधी स्वतः एक चक्कर मारली. मंग समोरून गाडी जॅकवर उचलली, डावं चाक दोन्ही हातानं धरलं अन् हलवलं. चाक खटखट वाजलं. हलणाऱ्या दातासारखं हलत होतं. त्यानं मले जवळ बोलावून दाखवलं, मीबी हात लावून पाह्यला. टायर एका कडेनं पार गुळगुळीत झालेलं. मंग तो खाली सरकला अन् थोड्या वेळानं तोंड पुसत बाहेर आला.

स्टेअरिंगपासून चाकाले जो दांडा जाते त्याचं डावं टोक खलास, म्हणे. चाक ज्या गोळ्यावर वळते तो खालचा बॉल जॉइंटबी गेला. अन् चाकाचं बॅलन्सिंग तं कधी झालंच नसन, त्याच्यानंच ते थरथर. उजवी बाजू मात्र ठणठणीत. मंग त्यानं बुढ्याकडं पाह्यलं अन् ईचारलं, "काका, तुम्ही समोरच्याले साईड लय देता काय?"

बुढा चपापला. म्हणे, द्याच लागते नं बाबू. धम्मरत्न हसला. म्हणे, लागत नाही काका, लोक देत नाहीत. लोक डांबरावरच ठाण मांडतात, समोरचा उतरते. जो उतरते त्याच्या गाडीचं डावं अंग आधी जाते. एवढं गेलेलं डावं अंग मी आजवर पाह्यलं नाही.

मायबाई, काय सांगू. गाडीची बिमारी ऐकायले गेलेली मी, अन् माही मान अशी ताठ झाली! चव्वेचाळीस वर्षं मी या माणसाले म्हणत आली, तुम्हालेच काऊन सरकाव लागते दरखेपी? बांधावर तुम्हीच सरकाल, बसमधी तुम्हीच उठाल. अन् आज एका मिस्त्रीनं चाक हलवून सांगितलं की हा माणूस कसा हाय. शेखर तिथं असायले पाह्यजे होता, असं मले फार वाटलं.

दुपारपर्यंत धम्मरत्ननं नवे भाग बसवले. मंग मेहकरले जाऊन मशीनवर चाकं सरळ अन् बॅलन्स करून घेतले, टायर बदललं. येतानी आधी तोच चालवत होता. दोन बोटानं स्टेअरिंग धरलं तरी गाडी सुतासारखी सरळ. मी मागं बसून मनातल्या मनात शेखरले ऐकवायचे शब्द जुळवून राह्यली होती. अर्ध्या रस्त्यात बुढा चालवायले बसला.

अन् गाडी उजवीकडं निघाली.

रस्त्याच्या मधातच. बुढ्यानं सरळ केली, दहा पावलं गेली की परत उजवीकडं. समोरून ट्रॅक्टर येत होता. धम्मरत्ननं बाजूनं हात घालून स्टेअरिंग ओढलं. मी म्हटलं, काय दुरुस्त केलं रे बाबा तू, एकीकडची ओढ काढून दुसरीकडं लावली काय? धम्मरत्न रागावला नाही. गाडी बाजूले घ्यायले लावली अन् हळूच म्हणे, "काकू, गाडी सरळ हाय. काकाचे हात तिरपे झाले."

बुढ्याले ते माह्या आधी समजलं. गाडी हळूहळू डावीकडं ओढत गेली, तसतसे याचे हात तिले थोडंथोडं उजवीकडं धरत गेले. दोन-तीन वर्षं. याले पत्ताच नाही. आता गाडी सुधारली, पण हाताले कोण सांगन? म्हणजे शेखर चुकला खरा, पण सारा चुकला नव्हता. बुढा हात मांडीवर ठेवून त्यायच्याकडं पाहत बसला. मले रडू आलं अन् रागबी आला, कोणाचा ते माहीत नाही.

घराजवळ आल्यावर मी बजावलं. हे आपल्या तिघातच. शेखरजवळ एक शब्दबी काढायचा नाही. धम्मरत्ननं मान हलवली. बुढ्यानं नाही.

पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तोच मले उठवायले आला. आमच्याकडं पहिले एक बैल होता, जनमभर जोडीत उजव्या अंगाले चाललेला. डाव्या अंगाचा मेला तवा याले डावीकडं जुपलं, तं बैल सारखा जोडीदाराले दाबे. लोकानं सांगितलं, विकून टाक. बुढ्यानं विकला नाही. रोज पहाटे रिकामी गाडी जुपून त्याले सरळ सडकेनं फिरवला, मारला नाही, घाई केली नाही. पंधरा दिवसात बैल शिकला.

"बैल शिकला, तं मी नाही शिकणार काय?" बुढा म्हणे.

बाजाराचं मैदान बाजार नसला की रिकामंच असते. दिवाळीले भिंतीले मारून उरलेला चुना होता, तो मी बादलीत कालवला अन् या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा ओढला. गाडी अशी न्यायची की पट्टा दोन्ही चाकांच्या बरोबर मधात राह्यला पाह्यजे. पहिल्या दिवशी चाकानं पट्टा ठिकठिकाणी पुसून टाकला. बुढा उतरून पाहे, परत बसे. मी दुसऱ्या टोकाले उभी राहून वरडे, "सैल धरा, सैल! तिले जाऊ द्या, ती चांगली झाली आता!" दुसऱ्या दिवशी पट्टा दोनच ठिकाणी पुसला. तिसऱ्या दिवशी अकरा चकरा मारल्या, पट्टा जसाच्या तसा. चौथ्या दिवशी धम्मरत्नले बाजूले बसवून सडकेवर नेली, पार नदीच्या पुलापर्यंत अन् परत. मी फाट्यावरच उभी होती. परत आल्यावर धम्मरत्ननं नुसता अंगठा दाखवला. सहासष्टाव्या वर्षी माणूस आपले हात परत शिकवते, अन् तेबी गुपचूप! आपल्याले तं बाई लय अभिमान वाटला, अन् मी तसं तिथंच त्याले सांगितलं. त्यानं फक्त कपाळावरचा घाम पुसला.

पाचव्या दिवशी शेखर निघायच्या तयारीत. मी त्याले म्हटलं, एकडाव बापासोबत गाडीत बस, मंग काय विकायचं ते विक. तो बसला, मी मागं. समीक्षाले संजीवनीनं दारातच धरून ठेवलं.

बुढ्यानं गाडी मेहकर रस्त्याले काढली. स्टेअरिंग थरथरलं नाही. हातबी थरथरले नाही. शेखर टक लावून हाताकडंच पाहून राह्यला होता. समोरून एसटी आली. बुढ्यानं डावे चाकं खाली उतरवले, एसटी गेली, गाडी सरळ वर आली, उजवीकडं तसूभर गेली नाही. शेखरनं श्वास सोडलेला मले मागं ऐकू आला. मंग मी त्याले मिस्त्रीनं काय काय काढलं ते सारं सांगितलं, अन् ते साईडचंबी सांगितलं, जरा ठसक्यातच.

शेखर बापाकडं वळला. मंग म्हणे, "बाबा, माही चूक झाली. गाडीचाच दोष होता. मी लोकासमोर तुम्हाले बोललो."

झालं! जिंकलो! आता घरी जायचं अन् नातीले बसवायचं. तर हा माणूस काय करते? गाडी बाभळीखाली उभी करते. मी ओळखलं याच्या मनात काय हाय ते. मागून त्याच्या खांद्याले जोरात चिमटा घेतला. त्यानं माहा हात बाजूले केला.

"अर्धा दोष गाडीचा होता," बुढा शेखरले म्हणे. "अर्धा माहा. गाडी चांगली झाल्यावर मी तिले उजवीकडं नेत होतो. ट्रॅक्टरवर घातली असती. तीन दिवस मैदानात, एक दिवस सडकेवर हात सरळ केले तवा तुले बसवलं. पुढं परत हात ऐकेनासे झाले तं ते पहिले मले कळन. मी स्वतः तुले चाबी आणून देईन. तुले ते पोरीच्या ओठावरून समजाव लागणार नाही."

मी तं आतून पेटली. म्हटलं, अरे देवा, कोणत्या मातीचा केला हा माणूस? पोरगा स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करून राह्यला, अन् हा त्याच्या हातात नवं कारण देते! ट्रॅक्टरचं नाव काढायची काय गरज होती? आता नात गेलीच हातची. घरापर्यंत शेखर समोर सडकेकडंच पाहत राह्यला. बुढाबी. मी दोघांच्या पाठी पाहत बसली.

अंगणात गाडी थांबली. शेखर उतरला. माह्यावाला दरवाजा उघडला, मले वाटलं मले उतराले सांगते. पण तो दाराकडं वळला अन् समीक्षाले हाक मारली. ती धावत आली. ओठावर अजून खपली होती. त्यानं तिले उचललं, माह्या बाजूले बसवलं अन् सीटचा पट्टा लावून देल्ला.

संजीवनी पुढं येत म्हणे, तुम्हीबी जा नं सोबत. समीक्षाबी म्हणे, "बाबा, तुम्ही नाही येत?"

शेखरनं दरवाजा लावला, नीट लागला काय ते दाबून पाह्यलं, अन् दोन पावलं मागं सरकला.

"मी कशाले?" तो म्हणे. "आबा हायेत नं."