धारणी गाडीचं दार

"सूर्यभान, थांब! दार लागलं नाई अजून."

"दोरी बांध ना बाप्पा! कडी लागाची वाट पायली तं अमरावतीले आपली पेन्शन पोचन, आपण नाई."

वली कंडक्टरने दोरी बांधली, दोन घंट्या मारल्या. ड्रायव्हर सूर्यभानने परतवाड्याहून गाडी काढली.

दाराची कडी दोन पावसाळ्यांपासून गेली होती. तक्रार केली की डेपोतला मेकॅनिक दाराकडे आदराने पाही आणि चहाला जाई. त्या वर्षांत वऱ्हाडात शेतीची पाहणी करणाऱ्या समित्यांच्या गाड्या पुष्कळ फिरत. त्यांची दारं छान लागत.

वलीच्या शेजारची खिडकीची जागा मात्र दर सोमवारी परतीच्या फेरीला राखीव असे. तिथे थर्मास बसे. थर्मासात बर्फ, बर्फात इन्सुलिनची बाटली. धारणीच्या शकुनला दोन महिन्यांची असतानाच साखरेचा आजार निघाला होता. धारणीत लाइट पाहुण्यासारखी येई, त्यामुळे दवाखान्यातून दर आठवड्याला ताजी बाटली न्यावी लागे. चार वर्षं वली नेत होता. गर्दीत कोणी विचारलंच, "जागा कोनाची हाय?" तर तो सांगे, "पेशंटची."

आज अमरावतीला पोचल्यावर तो थर्मास घेऊन स्टँडसमोरच्या दवाखान्यात शिरला. शकुन आठवड्यापासून तिथेच भरती होती. आई ललिता खाटेशी बसली होती.

"आज थर्मास नको, वलीभाई," डॉक्टर रागिणी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वरच्या पट्टीत होता. "चेन्नईहून शकुनच्या तपासणीचा रिपोर्ट आला. कालपासून सुई बंद, फक्त गोळी. आत्ता जेवणानंतरची साखर बघायची. आटोक्यात असली तर सुई सुटली. चढली तर…"

"तं जलमभर सुई," ललिताने वाक्य संपवलं.

"पन गोळीनं काहून होईन? चार वर्सं तं सुईच लागली," वलीने विचारलं.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "स्वादुपिंडात पेशी असतात. साखर आत शिरते, जळते, त्यातून शक्ती तयार होते. ती शक्ती पेशीचं एक दार बंद करते. पोटॅशियमचं. ते बंद झालं की पेशीतली वीज बदलते, दुसरं दार उघडतं, कॅल्शियम आत येतं. तो इशारा. मग आतल्या पिशव्या फुटून इन्सुलिन बाहेर पडतं. शकुनच्या पेशीत इन्सुलिन आहे. पहिलं दारच लागत नाही."

वली उभाच राहिला. "थांबा, थांबा! हे तं आमची गाडी हाय!"

"कुठली गाडी?"

"धारणी गाडी! पाशिंजर भरले, दार लावलं, मंग मी घंटी मारतो, मंग सूर्यभान गाडी काढते. दार नाई लागलं तं घंटी नाई. गाडी भरेल उभी, अन् पाशिंजर स्टँडावर वाढून राह्यले. तेच साखर! अन् तुमची गोळी म्हंजे…" त्याने वॉर्डाचं दार धरून ओढलं. "दोरी!"

सहा वर्षं शिकून डॉक्टरांनी पोटॅशियमला कधी तिकीट फाडलं नव्हतं. "तसंच काहीसं," त्या म्हणाल्या. "पण दोरी रोज बांधावी लागेल."

"आमी काय येक दिवस बांधतो का?"

खालून सूर्यभानचा हॉर्न वाजला. गाडीची वेळ झाली होती. नर्सने शकुनच्या बोटाला टोचलं, थेंब मीटरवर लावला. वलीने थर्मास छातीशी धरला. पुन्हा हॉर्न.

"एकशे अडतीस," नर्स म्हणाली.

ललिताने आजवर तीनशे-चारशेच ऐकले होते. "मीटर बिघडलं काय वं?"

दुसऱ्या बोटातून पुन्हा तपासलं. एकशे छत्तीस.

"सुई सुटली म्हंता अन् दोन डाव टोचता!" शकुन ओरडली.

ललिता हसायला लागली आणि तिला ते थांबवता येईना. डॉक्टर रागिणींनी नर्सला मिठी मारली. वलीने खिशातून तिकिटाचा पंच काढून खाटेच्या लोखंडी दांडीवर मारला. टण्ण, टण्ण.

"चालू द्या!" शकुनने हुकूम सोडला.

"कुठं मेला होता?" वली गाडीत चढताच सूर्यभानने विचारलं.

"दार लागलं."

"आपलं?"

"शकुनचं!"

सूर्यभान पंचवटी चौकापर्यंत काही कारण नसताना हॉर्न वाजवत गेला.

पुढच्या सोमवारी अमरावती स्टँडवर नेहमीसारखी गर्दी होती. वली सवयीने थर्मास घरून घेऊन आला होता. रिकामा. त्याने तो खिडकीच्या जागेवर ठेवला.

एक म्हातारी दांडीला धरून उभी होती. "भाऊ, जागा कोनाची हाय?"

वलीने थर्मास उचलून पायाशी ठेवला.

"पेशंटची होती. बरा झाला पेशंट. बस, माय."

मग त्याने दाराची दोरी बांधली, गाठ एकदा ओढून पाहिली आणि दोन घंट्या मारल्या.