अकरा ओळींची दुरुस्ती

मी एक जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, मित्रांनो. लगेच पुस्तकांचे कपाट डोळ्यांसमोर आणू नका! वेबसाइटवर तारखेचा चौकोन दाबला की महिन्याचे पान उघडते ना, ते उघडणारा कोड म्हणजे मी.

एका प्रोग्रॅमरने मला जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात लिहिले. मी त्यांना मनातल्या मनात बाबा म्हणते. त्यांनी मला सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणीही मला न्यावे, बिघडले तर दुरुस्ती पाठवावी, बाबांनी ती तपासून जोडावी. मग काय विचारता! दवाखाने, शाळा, प्रवासी कंपन्या, जिकडेतिकडे मीच. तेव्हा मी जरा हवेत होते, कबूल करते.

पुढे बाबांना जुळ्या मुली झाल्या, ऑफिसचे काम वाढले. माझ्या तक्रारींचा ढीग साचला. नावे ठेवायला सगळे पुढे, दुरुस्तीला कुणी नाही.

अशात एका गणिताच्या शिक्षिकेची तक्रार आली. तिच्या आत्याला दिसत नाही. आत्या कीबोर्डवर संगणक चालवते आणि तो तिला पडद्यावरचे वाचून दाखवतो. पण माझी तारीख माउसशिवाय निवडताच येत नव्हती. दवाखान्याची वेळ घ्यायची तर शेजारणीला बोलवा. आत्याचे म्हणणे भाचीने जसेच्या तसे लिहिले होते: "आधी दुखणं हिला सांगायचं, मग डॉक्टरांना. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळतं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

भाची कोड नुकतीच शिकली होती. आठ रविवार खपून तिने अकरा ओळींची दुरुस्ती लिहिली. पण फाइल सेव्ह करताना तिच्या एडिटरने, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅमने, आगाऊपणा केला. माझ्या प्रत्येक ओळीतली मोकळी जागा त्याने आपल्या मनाने बदलून टाकली. बाबांना दिसले काय, तर दोन हजार ओळी बदललेल्या! "हे कोण वाचणार? मला वेळ नाही," असे लिहून त्यांनी दुरुस्ती नाकारली.

अहो बाबा, आत फक्त अकरा ओळी आहेत हो! पण मला कुठले तोंड?

दुसऱ्या दिवशी भाचीचे उत्तर आले. "माफ करा, चूक माझीच. आता नुसत्या अकरा ओळी पाठवतेय. पुढच्या महिन्यात आत्याची तपासणी आहे. या वेळी तरी कुणाला न सांगता जायचंय म्हणते."

बाबांनी माउस बाजूला सारला, डोळे मिटले आणि मला चालवून बघितले. पहिल्याच पानावर अडकले. मग त्यांनी अकरा ओळी नीट वाचून जोडल्या आणि खाली लिहिले, "उगाच चिडलो. तुमचे आभार, आत्यांचेही." भाचीने दवाखान्याला फोन करून करून माझी नवी आवृत्ती घ्यायला लावली.

मित्रांनो, मी फुकट मिळते, पण कुणाच्या तरी सवडीवर जगते. बिघडले तर खुशाल रागवा, पण जमेल तेवढा हातही लावा. आणि दुरुस्ती तपासणाऱ्यांनो, नाही म्हणण्याआधी एकदा विचारा तरी.

एका गुरुवारी आत्याने दवाखान्याच्या वेबसाइटवर मला उघडले. बाणाची बटणे दाबत ती पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. मग एंटर दाबले. वेळ मिळाली!

"कुठली तारीख घेतलीस गं?" भाचीने विचारले.

"तुला कशाला हव्यात चौकशा?" आत्या म्हणाली, आणि खुदकन हसली.