एक पाठ, दोन परीक्षक

शाळा संपल्यावर धाकटीने जो अभ्यासक्रम घेतला, त्यात पाच वर्षांत शिक्षकाची पदवीही मिळायची आणि पदव्युत्तर पदवीही.

"एका दगडात दोन पक्षी," आई म्हणाली.

"आणि त्यातला एकच पडला तर?" बाबांनी विचारलं.

याचं उत्तर माहितीपुस्तिकेत नव्हतं. मुखपृष्ठावर मात्र हसरी मुलं होती.

धाकटीला लहानपणापासून एकच करायचं होतं: मुलांसमोर उभं राहून त्यांना माहीत नसलेलं काहीतरी सांगायचं. सातव्या वर्षी ती उशांना ओळीत बसवून पाढे शिकवायची. उशांची प्रगती समाधानकारक होती.

महाविद्यालयात ती पाच वर्षांत पुष्कळ शिकली. फळ्यापाशी किती तिरकं उभं राहायचं, फळा वरून खाली का पुसायचा, बालमनाविषयी सात सिद्धांत आणि त्या सातांचं एकमेकांशी का पटत नाही. मूल तेवढं दिसलं नव्हतं. सराव पाठ वर्गमित्रांवरच व्हायचे. दाढी वाढवलेला एक सहा फुटी मित्र पाच वर्षं 'मागच्या बाकावरचा हूड मुलगा' होत होता. पुढे तो इतका रंगला, की प्राचार्यांनी खरोखर त्याच्या पालकांना बोलावून घेतलं.

शेवटचा पाठ मात्र खऱ्या शाळेत, चौथीच्या खऱ्या वर्गावर होता. पदव्या दोन, म्हणून परीक्षकही दोन. पदवीच्या बाजूने घड्याळवाले सर, पदव्युत्तरच्या बाजूने संशोधनवाल्या मॅडम. दोघं मागच्या बाकावर शेजारीशेजारी बसले. बाक चौथीचा होता, त्यामुळे दोघांचे गुडघे हनुवटीला टेकले होते.

धाकटीच्या हातात पाठाचं टाचण होतं. त्यात डावीकडे शिक्षकाने काय बोलायचं ते, उजवीकडे मुलांनी काय उत्तर द्यायचं ते. उजवी बाजूही शिक्षकानेच लिहायची असते. तिच्या मार्गदर्शकांनी मुलांची उत्तरं तपासून दोन ठिकाणी सुधारली होती.

विषय होता अपूर्णांक. तिने तोंड उघडलं आणि पहिल्या बाकावरची मॉनिटर हळूच म्हणाली, "बाई, आधी फळ्यावर तारीख. गुण जातात."

धाकटीने तारीख लिहिली.

ही शाळा महाविद्यालयाच्या शेजारी होती, हेच या मुलांचं नशीब. प्रत्येक शिकाऊ शिक्षक इथेच यायचा आणि अपूर्णांकच घ्यायचा, कारण कागदाची वर्तुळं कापायला सोपी. वर्षभरात या वर्गावर अपूर्णांकाचे एकेचाळीस पाठ झाले होते. मुलं आता कसलेल्या नटांसारखी तयार होती.

"एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" धाकटीने विचारलं.

टाचणानुसार इथे एका मुलाने चुकायचं होतं. तिसऱ्या बाकावरचा गोलू शांतपणे उठला. "एक चतुर्थांश, बाई. कारण चार मोठे असतात." आणि खाली बसून शेजाऱ्याला म्हणाला, "पुढच्या वेळी तू चूक. मी दमलो."

मागे घड्याळवाले सर प्रसन्न दिसत होते. सगळं मिनिटाबरहुकूम चाललं होतं. आणखी अकरा मिनिटं अशीच गेली असती, तर धाकटी दोन पदव्या घेऊन घरी गेली असती.

तेवढ्यात खिडकीजवळ एक हात वर गेला. ही मुलगी तीनच दिवसांपूर्वी दुसऱ्या शाळेतून आली होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"बाई, कागद मोठा असला तर?"

"म्हणजे?"

"मोठ्या कागदाचा चौथा भाग छोट्या कागदाच्या तिसऱ्या भागापेक्षा मोठा नाही का होणार?"

मॉनिटरने कपाळावर हात मारला. "बाई, सोडा, ती नवीन आहे."

धाकटीने टाचणाच्या उजव्या बाजूला पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'होय, बाई, समजले.' मग खिडकीकडे पाहिलं. ती पोरगी खरंच वाट बघत होती. कुणीतरी उत्तराची वाट बघत बसलंय, असं धाकटीच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

तिने भिंतीवरचा तीन दिवस खपून केलेला तक्ता उतरवला आणि टर्रकन फाडून त्याचे चार भाग केले. मग टाचणाचं एक पान घेतलं आणि त्याचे तीन.

"ठेवा एकावर एक. बघा."

"अगं बाई, हो की!" मॉनिटर ओरडली, आणि तिला तारखेचा, फळ्याचा, गुणांचा विसर पडला. "पण मग आत्तापर्यंत जे सांगत होतो ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. आधी काय विचारायला हवं होतं?"

"कशाचा तिसरा भाग?" गोलू म्हणाला. हे उत्तर त्याला कुणीही दिलेलं नव्हतं. तो स्वतःच दचकला.

मग अठ्ठावीस मुलं कागद फाडत सुटली. घंटा झाली तेव्हा फळा पुसायचा राहिला होता आणि मॅडमची टिपणवही फाटून अर्धी झाली होती. अर्धी कशाची, हेही मुलांनी विचारून घेतलं.

आठवड्याने निकाल लागला. सरांचा शेरा: 'मुलांनी अपेक्षित उत्तरे दिली नाहीत. नापास.' मॅडमचा शेरा: 'मुलांनी अपेक्षित उत्तरे दिली नाहीत. विशेष प्रावीण्य.' दोन दिवस बैठक चालली. शेवटी ठरलं, की पदव्युत्तर पदवी द्यावी आणि पदवी रोखावी. म्हणजे धाकटीला मुलांना शिकवता येणार नव्हतं. मुलांना कसं शिकवावं हे मात्र शिकवता येणार होतं. महाविद्यालयात एक जागा रिकामीच होती. सोमवारपासून ती रुजू झाली.

"पोहता येत नाही, म्हणून पोहण्याचा क्लास काढला," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. प्राध्यापिका झाली पोर," आई म्हणाली.

पोर मात्र रात्री उशांकडे बघत बसली होती. तिला वर्ग हवा होता, आणि मिळाला होता तो सहा फुटी दाढीवाल्याचा. तो नापास होऊन पुन्हा मागच्या बाकावर आला होता.

तिने पदवीच्या फेरपरीक्षेचा अर्ज भरला. कार्यालयातल्या कारकुनाने तो उलटसुलट पाहिला.

"प्रत्येक परीक्षार्थीला एक मार्गदर्शक लागतो. नवीन प्राध्यापकांना आळीपाळीने देतो आम्ही." त्याने यादीवरून बोट फिरवलं आणि थांबला. "या वेळची पाळी तुमचीच आहे."

"मग चालेल?"

"नियमात चालणार नाही असं कुठे म्हटलंय? इथे परीक्षार्थीची सही, इथे मार्गदर्शकाची. आणि शाळा कुठली, ते मार्गदर्शकाने ठरवायचं. शेजारचीच लिहा ना. मुलं तयार आहेत."

"नदीपलीकडची लिहिते."

कारकुनाने चष्मा काढला. "तिथे आजवर एकही सराव पाठ झालेला नाही, मॅडम. तिथली मुलं वाटेल ते विचारतात. मार्गदर्शकांना एकदा विचारून घ्या."

"विचारलं," धाकटी म्हणाली आणि तिने दोन्हीकडे सह्या केल्या.