ऑइलपेंटवर ड्युको

रविवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी भागवत थोरातने बंकट पेंटरला विचारलं, "याच्यावर ड्युको मारला तर चालंल ना?"

बंकट म्हणाला, "मार की."

एवढंच बोलणं झालं. जागा युसूफ वडगावातली भागवतची पिठाची गिरणी. टेबलावर सव्वा मीटर लांबीची युद्धनौका होती. तिला आठवड्यापूर्वी ब्रशने राखाडी ऑइलपेंट दिलेला होता, आणि ब्रशचे ओरखडे भागवतला सलत होते. दळणासाठी तिघीजणी थांबल्या होत्या. त्यांतली एक बंकटची बायको, सुनिता.

ड्युको म्हणजे गाड्यांना फवाऱ्याने मारायचा, झटपट वाळणारा रंग. तो ऑइलपेंटवर चालत नाही. ड्युकोचं थिनर खालचा थर उचलतं, रंग सुरकुततो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्याला हे पहिल्याच वर्षी कळतं. बंकट तीस वर्षं ट्रॉल्या रंगवत होता.

दोघे दहावीपर्यंत एका बाकावर होते. नंतर भागवत नौदलात गेला आणि सतरा वर्षांनी परतला. त्यातली सात वर्षं त्याने एकाच जहाजाच्या इंजिनखोलीत काढली. तेच जहाज तो शंभराला एक या प्रमाणात बनवत होता. दीड वर्ष झालं होतं. सांगाडा पीव्हीसी शीटचा, डोलकाठी सायकलच्या स्पोकची, तोफेची नळी गुरांच्या इंजेक्शनच्या सुईची. रेलिंगची तांब्याची तार जळालेल्या बोअरच्या मोटारींमधून काढलेली. दळण होईस्तोवर लोक जहाज बघत उभे राहत. पुढे पुढे दळण नसलेलेही येऊ लागले.

बंकटच्या कामापुढे कुणी उभं राहत नसे. गावातल्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा, पोळ्याला बैलांची शिंगं, सगळं त्याच्या हातचं. दहा फुटांची रेघ तो दोरी न धरता सरळ ओढत असे. फ्लेक्स आल्यावर पाट्या गेल्या, ट्रॉल्या राहिल्या. आताही ऊसतोडीचा हंगाम तोंडावर होता आणि त्याच्या रंगकामाच्या शेडपुढे चार ट्रॉल्या उभ्या होत्या.

जहाजाचं त्याला आधी काही वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात सुनिता पिठाचा डबा घेऊन घरी आली आणि म्हणाली, "रेलिंगला दोनशे चौदा दांड्या हायत. मोजल्या मी." बंकट जेवत होता. समोरच्या दारावर त्याने स्वतः काढलेली वेल होती. तिची पानं किती, हे सुनिताने बारा वर्षांत मोजलं नव्हतं.

मग वाचनालयाचे अध्यक्ष आश्रुबानाना शेडवर आले. नव्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत जहाज ठेवायचं ठरलं होतं. "गावात पहिल्यांदाच कलेचं काम व्हायलंय बघ," नाना म्हणाले. "खालची नावाची पाटी तेवढी तू लिहून दे."

"पहिल्यांदा का?" बंकटने विचारलं.

"मग! असलं कुनी केलंय हितं?"

पाटी त्याने लिहून दिली. अक्षर नेहमीसारखं चोख होतं.

राखाडी रंगासाठी भागवतने त्यालाच बोलावलं होतं. बंकटने पांढऱ्यात काळा घालून डबा ढवळला. भागवतने काडीने थेंब घेऊन कागदावर पसरला. "न्हाई बे, हे तर उंदीर झालं. समुद्रावरचा राखाडी येगळा असतो." मग लोकांदेखत त्याने डबा स्वतःकडे ओढला आणि त्यात निळ्याचे काही थेंब सोडले. ढवळलं, पुन्हा सोडले. "हां, आता जमलं." बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी एकानेही युद्धनौका पाहिलेली नव्हती. रंग खरंच चांगला झाला होता. ते बंकटला इतरांच्या आधी दिसलं होतं, आणि तेच त्याला खुपलं.

त्यानंतर आठ दिवसांनी तो रविवार आला.

सोमवारी सकाळी सव्वासातला भागवतने गावातल्या प्रविणच्या गॅरेजमधून फवारायचा कॉम्प्रेसर आणून उजवी बाजू मारली, मग डावी. दहा मिनिटांत उजवी बाजू दुधावरच्या सायीसारखी गोळा झाली. साडेसातला डावीही गेली. हॉलचं उद्घाटन येत्या रविवारी सकाळी दहाला होतं.

बातमी सुनितानेच शेडवर आणली. बंकट ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर मालकाचं नाव लिहीत होता.

"भागवतभाऊजींच्या जहाजाचा रंग उचलला."

"ड्युको मारला असंल."

"तुमाला इचारलं न्हवतं का त्यांनी?"

"मला कावून इचारतील? ते नेव्हीतले."

"मी हुते काल गिरणीत," सुनिता म्हणाली. "तुमी 'मार की' म्हणलात. आपलं कपाट रंगवायच्या टायमाला मलाच शिकवलं हुतं ना, यावर ते चालत न्हाई म्हणून?"

बंकटने ब्रश पुसला. नावातलं एक अक्षर बाकी होतं.

"भाऊजींना सांगा," ती म्हणाली. "रविवारच्या आधी. न्हाईतर मी सांगन."

"काय सांगू?"

"जे केलं ते."

तिने सांगितलं तर काय होईल, हे बंकटला कळत होतं. ट्रॉलीवाले त्याच्या शब्दावर रंग घेत. कुठल्या पत्र्याला काय लावायचं, हे ते त्याला विचारत आणि तो म्हणेल तेच आणत. शब्द खोटा ठरला तर पुढच्या हंगामाला केजहून दुसरा पेंटर यायला वेळ लागणार नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी तो गिरणीत गेला. आश्रुबानाना तिथे आधीच बसले होते. जहाजावर जुनं धोतर टाकलेलं होतं.

बंकट तोंड उघडणार तेवढ्यात भागवत म्हणाला, "ये रे. नानांना हेच सांगत हुतो. माझंच डोकं फिरलं. गावात एवढा पेंटर असून त्याला न इचारता मारला ड्युको."

"इचारायचं की लेका!" नाना म्हणाले. "बंकट काय पैसे मागणार हुता व्हय?"

बंकटने भागवतकडे पाहिलं. भागवत जात्यातलं पीठ झाडत होता. तो विसरला होता की झाकत होता, हे त्याच्या पाठीवरून कळेना. विसरला असेल तर रविवारचं ते विचारणं त्याच्या लेखी काहीच नव्हतं. झाकत असेल तर चूकही त्यानेच आपल्या नावावर घेतली होती, आणि नानांनी 'मोठ्या मनाचा माणूस' अशा नजरेने त्याच्याकडे बघितलंही होतं. दोन्हींतलं कुठलं जास्त झोंबतंय, हे बंकटला ठरवता आलं नाही.

"दे माझ्याकडं," तो म्हणाला. "करून देतो."

"तुज्या ट्रॉल्या हायत की."

"दे म्हणलं ना."

दोघांनी जहाज उचलून शेडमध्ये नेलं. शुक्रवारी बंकटने ट्रॉल्या बाजूला ठेवल्या. थिनरमध्ये भिजवलेला कपडा आणि बोथट सुरी घेऊन त्याने उजवी बाजू सोलून काढली. दुपारपर्यंत खालचं पांढरं शीट दिसू लागलं. मग डेकच्या फटीत गेलेला रंग काढताना मधला तुकडा हलला. तो चिकटवलेला नव्हता, नुसता बसवलेला होता. बंकटने तो नखाने उचलला.

खाली इंजिनखोली होती. दोन इंजिनं, त्यांच्या नळ्या, नळ्यांवरचे लाल गोल व्हॉल्व. एक शिडी. शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्यांचा रंग मुद्दाम घासून काढलेला, तिथे पाय पडतात म्हणून. काचेच्या पेटीत हे कुणाला दिसणार नव्हतं. भागवतने ते कुणाला दाखवलेलंही नव्हतं. गिरणीत दीड वर्ष लोक येत होते आणि त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

ट्रॉलीची खालची बाजू बंकटने आजवर कधी रंगवली नव्हती. मालक वाकून बघत नाहीत.

त्याने तुकडा परत बसवला. त्यानंतर सुरी हातात धरवेना आणि शुक्रवारचं काम तिथेच थांबलं.

शनिवारी सकाळी सुनिताने विचारलं, "सांगितलं का?"

"आज सांगतो."

दुपारी भागवत शेडवर आला. दाराला आतून कडी होती.

"कुठवर आलं बे?"

"वाळतंय," आतून बंकट म्हणाला.

पाच वाजता भागवत पुन्हा आला. उत्तर तेच मिळालं. शेडमधून रंगाचा वास येत नव्हता. सतरा वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला ओल्या रंगाचा वास कळतो. तरी तो माघारी गेला.

साडेसहाला तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा हातात स्वतःचा पॉलिश पेपर होता. "बंकट, उघड. एक बाजू मी घासतो. रातच्याला एक हात मारला तरी सकाळपर्यंत धरंल." कडी निघाली नाही. भागवत दारासमोरच्या ट्रॉलीच्या दांडीवर बसला.

सात वाजून दहा मिनिटांनी सुनिता घरातून दोन कप चहा घेऊन आली. एक तिने भागवतला दिला, दुसरा दाराशी ठेवला. मग ती भागवतच्या समोर, उलट्या घातलेल्या घमेल्यावर बसली.

"भाऊजी," ती म्हणाली.

भागवतने मान वर केली. सुनिताने दाराकडे पाहिलं. कडी आतूनच होती, आणि उद्या रविवार होता. आत जहाजाची उजवी बाजू पांढरी होती, डावीचा सुरकुतलेला थर अजून तसाच होता.