बाराव्या महिन्याची खिडकी

भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि वर्ष बारा महिन्यांचं. हा एका महिन्याचा फरक बहुतेकांना जाणवत नाही. मला तो तीन वर्षं सलत होता.

मी चंद्रपुरात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. घर धानोऱ्याकडे, जंगलाला लागून. शहरात आल्यापासून मी खिडकीत एक काचपट्टी ठेवते, तिच्यावर व्हॅसलिनचा पातळ थर. महिनाभर तिला हवेतली कोळशाची धूळ चिकटते, मग ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. हे कोणी सांगितलेलं काम नाही, माझीच हौस. पण एकाच खिडकीचं सबंध वर्ष कधी हाती लागलं नाही. अकरा महिने झाले की भाडं वाढायचं आणि मला खोली बदलावी लागायची. नवी खिडकी, नवी दिशा. मागचे आकडे पुढच्यांना जोडता येत नसत. तीन खोल्या, तेहतीस काचपट्ट्या.

तिसरा करार फेब्रुवारीत संपला. प्रयोगशाळेतल्या गुणाबाई त्याच आठवड्यात निवृत्त होऊन भावाच्या गावी निघाल्या होत्या.

"माही खोली पाहून घे," त्या म्हणाल्या. "मन्सूरभाईच्या माडीवर एकोणीस वर्सं राह्यली मी. पहिल्या दिवशी ठरलं तेच भाडं, आखरीपर्यंत. पण एक सांगतो, झोप लय येते तिथी."

परकोटाच्या आत, पठाणपुरा गेटाकडे, खाली गाद्या-रजयांचं दुकान होतं. कापूस पिंजायचं यंत्र घरघरत होतं. मन्सूरचाचांच्या भुवयांवर कापूस होता. त्यांनी चावी दिली आणि वर बोट दाखवलं.

जिन्यात कापसाचे तंतू तरंगत होते. खाली पडत नव्हते, वरही जात नव्हते. खोली रिकामी होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात ते तंतू इतक्या सावकाश फिरत होते, की मी त्यांचा वेग मोजायला बसले आणि मोजता मोजता आकडे विसरले. यंत्राची घरघर फरशीतून अंगात येत होती. थोडा वेळ मी आडवी झाले. किती वेळ, ते नोंदवलेलं नाही.

उठले तेव्हा खोली माझी झाली होती, असं मला वाटलं. खिडकीखालची जमीन मी ओढणीने झाडली, मधोमध काचपट्टी ठेवली, ती सरकू नये म्हणून तिला टेकून जिन्यातला एक दगड. खाली आले. मन्सूरचाचा गिऱ्हाइकाशी बोलत होते. चावी खिळ्याला अडकवून मी बस पकडली.

दोन दिवस गावी होते. मोहाची फुलं पडायला लागली होती. उजाडायच्या आत आईबरोबर जंगलात गेले. आईने नेहमीच्या झाडाखालचा पालापाचोळा झाडला, मधोमध दगड ठेवला. आमच्या गावात एवढं केलं की ते झाड त्या सालापुरतं त्या घरचं. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. फुलं एकेक करून पडत होती, आणि अर्धवट झोपेत मला ती कापसासारखी तरंगताना दिसत होती. मग वेचता वेचता हात थांबला. मी मन्सूरचाचांना खोली हवी म्हणून सांगितलंच नव्हतं.

त्याच दुपारी चंद्रपुरात परतून पेटी घेऊन मी दुकानापुढे उतरले, तर दारात कूलरची खोकी रचलेली.

"आता काऊन आली तू?" मन्सूरचाचा म्हणाले. "त्या दिवशी चूपचाप निघून गेली. मले वाटलं, पसंद नाई पडली. कूलरवाल्या धनराजशेठला गोदामासाठी जबान देऊन बसलो."

"मी खूण ठेवली होती, चाचा."

"खूण? म्हणजे रुमाल टाकून बसमधली सीट पकडतेत, तसं?"

आतून जरीनाचाची हसल्या. माझे कान तापले.

"खोकी मग खालीच काऊन आहेत?" मी विचारलं.

चाचांनी यंत्राकडे हात केला. तिथे पन्नाशीचा एक माणूस कापूस सारखा करत बसला होता. "या झिंगूले विचार. सकाळपासून वर चढवून नाई राह्यला."

"झाडून ठेवलं हाय तिथी," झिंगूभाऊ मान वर न करता म्हणाले. "मधात गोटा हाय. आमच्याकडं गोट्याच्या आत कोणी पाय नाई देत."

"अरे, ही माडी आहे. मोहाचं झाड नाई."

"मले का ठावं. शेठले म्हना, सोता चढव."

चाचांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "किती दिवस राहशील?"

"निदान बारा महिने. एका खिडकीचं पूर्ण वर्ष पाहिजे मला."

"आमच्या अब्बांनी पिंजण खांद्यावर घेऊन नऊ घरं बदलली," ते म्हणाले. "हर साल नवा मालक, नवं भाडं. म्हणून मी वाढवत नाई." त्यांनी भुवयांवरचा कापूस पुसला, फोन उचलला आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "चार गोष्टी ऐकवल्या शेठनं. झिंगू, पोरीची पेटी घे वर."

महिन्याने पहिली काचपट्टी भिंगाखाली धरली. ती पांढरी होती, सबंध कापूस. कोळसा मोजायला चंद्रपुरात याहून वाईट खिडकी सापडली नसती. चाचींना सांगितलं, तर म्हणाल्या, "पिंजाऱ्याच्या माडीवर धूळ मोजतेस, मग काय सापडणार?"

तरी दर महिन्याला नवी काचपट्टी ठेवत गेले. पावसाळ्यात यंत्र मंद चाले, तेव्हा तंतू कमी. दिवाळीनंतर रजयांची गर्दी, तेव्हा काच दिसेनाशी होई. फेब्रुवारीची उचलली, ती बारावी. भाड्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

आज तेरावी उचलली. गेल्या मार्चची पट्टी डब्यातून काढून तिच्या शेजारी ठेवली. एकाच खिडकीतले दोन मार्च. भिंगाखाली नीट पाहिलं, तर तंतूंच्या जाळ्यात कोळशाचे बारीक काळे कण अडकलेले होते. दोन्हींत. खाली यंत्र सुरू झालं. डोळे जडावत होते. मी काचेवर आखलेल्या पहिल्या चौकोनापासून मोजायला सुरुवात केली.