खांबांचं साल

सुंदराचं वय नेमकं किती, हा प्रश्न इतकी वर्षं कर्जतजवळच्या भिसेगावातल्या त्या घरात कुणाला पडला नव्हता. मग १९४६च्या वैशाखात व्हर्नाक्युलर फायनलचा, म्हणजे मराठी सातवीच्या परीक्षेचा, निकाल लागला, पोरगी तालुक्यात मुलींमध्ये पहिली आली, आणि आठ दिवसांत सगळं घर तिच्या वयापाशी अडून बसलं.

तिच्या आईला, इंदूबाईला, एवढंच समजलं होतं की पोरीपुढे दोन वाटा आहेत आणि दोन्ही वाटांवर फाटक आहे. एक वाट पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजची. दोन वर्षं शिकायचं आणि लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागायचं. तिथं एक जूनला सतरा वर्षं पूर्ण लागत होती. दुसरी मुंबईची. तिथल्या एका संस्थेनं फायनल झालेल्या मुलींसाठी नवा वर्ग काढला होता. इंग्रजीच्या तीन यत्ता एका वर्षात, मग मॅट्रिकपर्यंत शाळा, राहणं-जेवण फुकट. तिथं मुलगी सतराच्या आतली हवी होती. मॅट्रिकनंतर पुढे काय, ते छापील कागदावरही लिहिलेलं नव्हतं.

शाळेच्या दाखल्यावर सुंदराची जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे तीस. पण त्या तारखेत फारसा अर्थ नव्हता. गुरुजींच्या शाळेतली सगळीच पोरं एक जूनला जन्मलेली. पोर नाव घालायला आलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की सहा पूर्ण. सुंदराचा लागला होता. तिचं घरचं नाव चिंधी, तेही गुरुजींना आवडलं नव्हतं. "असलं नाव मी रजिस्टरात लिहिणार नाही," म्हणून त्यांनी एका दमात तिचं नावही ठरवलं आणि जन्मही.

"तर दाखल्याप्रमाणे तिला सोळा होतायत," गुरुजी अंगणातल्या बाजेवर बसून सांगत होते. "मुंबईचं दार उघडं, पुण्याचं बंद. आता माझी तारीख अंदाजाची, हे मी कबूल करतो. खरं साल वेगळं असेल तर मामलेदार कचेरीत आईनं शपथेवर सांगावं, म्हणजे दाखला दुरुस्त होतो. पण एकदाच. मागाहून पुन्हा फिरवता येत नाही."

"मंग करा की दुरुस्त," नामा म्हणाला. सुंदराचा बाप रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सारखे करायच्या कामावर होता. वळण असलं तरी दोन रुळांमधलं अंतर बदलता कामा नये, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि जगातल्या इतर गोष्टींबद्दलही त्याची तशीच अपेक्षा होती. "मास्तरीण व्हईल, पगार सुरू व्हईल. गुरुजी, इतकी वर्सं तुमीच म्हनत आला ना, फायनल झाली की मास्तरीण?"

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "म्हणत होतो खरा. तेव्हा तसंच होतं. मी स्वतः फायनलवर तीस वर्षं काढली. पण आता दर महिन्याला नवं पत्रक येतंय. मध्ये टकळ्या दिल्या, म्हणाले सूत काता. मग पुस्तकं बदलली. आता नवं मंत्रिमंडळ आलंय. उद्या मॅट्रिकशिवाय मास्तरच घेणार नाही म्हणाले तर? तसं म्हणतील असं नाही. पण म्हणणार नाहीत असंही नाही."

"म्हंजे मुंबईला धाडू?"

"मुंबईला धाड असंही मी म्हणत नाही."

कुंपणाशी नामाचा धाकटा भाऊ पोपट उकिडवा बसला होता. लढाईत त्यानं चार वर्षं लष्करी लॉऱ्या दुरुस्त केल्या होत्या. परत येऊन सहा महिने झाले, तरी तो रोज खाकी अर्धी विजारच घालत होता. त्याच्या पेटीत साहेबाच्या सहीची तीन सर्टिफिकिटं होती, आणि कर्जतमध्ये ती वाचू शकणारा माणूस स्टेशनमास्तर एकटा.

"दादा, इंग्रज चालला," तो म्हणाला. "पोरगी इंग्रजी शिकून बोलनार कुनासंगं? माझ्यासंगं?"

"तू तर परवा म्हनलास, इंग्रजीबिगर गत नाय!"

"परवा खोपोलीच्या कारखान्यात गेल्तो. तिथल्या बाबूनं माझा कागद वाचला आनि म्हनला, बाबा रे, लढाई संपली." पोपट हसला. "तवापास्नं मला काय बी कळंना झालंय."

"आनि मुंबईत शिमग्याच्या आदी खलाशांचं बंड झालं, गोळ्या चालल्या, ते इसरला?" नामा म्हणाला. "तिकडं पोर धाडायची!"

इंदूबाई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ज्याच्या तोंडाकडे बघावं त्याचं खरं वाटत होतं. शेवटी नामाच तिच्याकडे वळला. "तुला तरी आठवतंय का गं साल?"

कर्जत भागात त्या वयाच्या पोरांची सालं दोनच. घाटाच्या लाइनीवर विजेच्या तारांसाठी लोखंडी खांब उभे राहिले ते खांबांचं साल, आणि पुढच्या दिवाळीनंतर धुराशिवाय गाडी धावली ते गाडीचं. गुरुजींनी बोटांवर मोजून सांगितलं. खांबांचं साल असेल तर सतरा होऊन गेली. गाडीचं असेल तर सोळाच.

"माझ्या मतानं गाडीचं," नामा म्हणाला. "पन मी कुठं व्हतो तिथं? बाळंतपन पळसदरीला, हिच्या म्हायेरी. मी इकडं खडी उपसत व्हतो."

इंदूबाई म्हणाली, "थंडी व्हती. तेवढंच ध्यानात हाय."

रात्रीच्या भाकऱ्या थापताना सुंदरा चुलीपाशी येऊन बसली. पाटीवर तिनं मधोमध रेघ मारली होती. एका बाजूला पुणे, एका बाजूला मुंबई. दोन्हीकडे खाली बारीक अक्षरांत पुष्कळ लिहिलं होतं आणि पुष्कळ पुसलं होतं.

"तुला कुठं जायचंय गं, चिंधे?" इंदूबाईनं विचारलं.

"सकाळी पुण्याला जावंसं वाटतं. दुपारी मुंबईला." सुंदरा पाटीकडे बघतच बोलत होती. "आई, मी ठरवलंय. मी काही ठरवणार नाही. तू खरं साल शोधून काढ. खरं असेल ते कचेरीत सांग. ते जिकडं नेईल तिकडं मी जाईन. खऱ्याला तरी दोन बाजू नसतात ना?"

पोरीनं केवढं ओझं आपल्या डोक्यावर ठेवलं, हे इंदूबाईला भाकरी तव्यावर करपल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ती लाइनीच्या कडेकडेनं चालत पळसदरीला गेली. माहेरी आता भाऊ-भावजय होते. त्यांना काय माहीत असणार? ती थेट तळ्याच्या अंगाला राहणाऱ्या भागूबाईकडे गेली. भागूबाई सुईण. आसपासच्या चार गावांतली पोरं तिच्या हातात पहिल्यांदा रडलेली. आता डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण आवाज शाबूत होता.

"तुजी पोरगी? अगं, न आठवाया काय झालं? खांबांचं साल!" भागूबाईनं मांडीवर थाप मारली. "तुज्या बापाच्या आवाठात, घराच्या शेजारीच खांबवाल्यांच्या झोपड्या व्हत्या. त्यातली एक तेलंगी बाई दारात येऊन उबी. मला म्हनती, मी धरते दिवा. तिची बोली मला कळंना, माजी तिला कळंना, पन दिवा धरला बाईनं पहाटंपरेंत. मी येते कचेरीत. सांगते मामलेदाराला."

इंदूबाईला हायसं वाटलं. झालं, साल मिळालं. पुणं ठरलं, पगार ठरला, नामाच्या कपाळावरची आठी गेली. ती उठणार, तोच भागूबाई आपल्याच नादात पुढे म्हणाली, "बारीक गं पोर. निळी पडल्याली. रडंचना. मी पायाला धरून उलटी केली, पाठीवर चापट्या मारल्या, तवा कुठं मांजरीच्या पिलावानी आवाज केला तिनं. मला वाटलं जातीय. आनि बघ, आज तालुक्यात पयली!"

इंदूबाई होती तिथंच राहिली.

सुंदरा जन्मताच इतकी रडली होती की माळ्यावरची कबुतरं उडाली होती. मांजरीच्या पिलासारखी रडलेली ती पहिली मुलगी. अकरा दिवसांची होऊन गेली. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं होतं. तिच्यामागून वर्षा-सव्वा वर्षानं त्याच खोलीत, त्याच थंडीत, ह्याच भागूबाईच्या हातून दुसरी झाली, आणि हिला तरी दृष्ट लागू नये म्हणून तिचं नाव चिंधी ठेवलं. पहिलीचं नाव निघालं तर दुसरीवर सावली पडते, असं सासूनं बजावलं होतं. घरात कुणी मोजताना तिला धरलं नाही. मोजायचं नाही म्हणता म्हणता इंदूबाईच्या मनातही दोन्ही बाळंतपणं एकावर एक घडी घातलेल्या लुगड्यासारखी होऊन बसली होती. आता घडी उलगडली. दिवा धरणारी तेलंगी बाई पहिल्या खेपेची. दुसऱ्या खेपेला झोपड्या उठून गेल्या होत्या.

"काय गं, गप का झालीस?" भागूबाईनं विचारलं.

"काय नाय. परवा कचेरीत या," इंदूबाई म्हणाली. का म्हणाली ते तिलाच कळलं नाही.

परतताना ती खांब मोजत चालली आणि प्रत्येक वेळी दहा-बाराच्या पुढे मोजणी चुकली. भागूबाई खोटं बोलत नव्हती. त्या साली इंदूबाईला मुलगी झाली, हेही खोटं नव्हतं. पोरीला त्या सालानं मास्तरीण करता येत होतं. मग अडतं कुठं? खरं सांग, असं पोर म्हणाली होती. पण खरं सांगितलं तर पोर त्या मुंबईत जाणार, जिथं पुढचं कुणालाच दिसत नव्हतं, गुरुजींना नाही, पोपटला नाही. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. नामाला वाटलं, भाताच्या बियाण्याची काळजी असेल.

कचेरीत कारकुनानं स्टँपाचा कागद पुढे ओढला. अर्धा मजकूर त्यानं आधीच लिहून ठेवला होता. अशी कामं रोजची. नामाला रजा मिळाली नव्हती. सुंदरा दाराशी उभी होती आणि भागूबाई बाकावर ऐसपैस बसली होती.

"हं, बाई. मुलीचा जन्म कुठल्या सालचा?"

"खांबांचं साल," भागूबाईच बोलली. "लिवा. मी हाय साक्षीला."

"तुम्ही थांबा हो आजी. आईनं सांगायचं असतं."

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. इंदूबाई त्या टाकाच्या टोकावरच्या शाईच्या थेंबाकडे बघत होती. घरून निघताना ती खांबांचं साल सांगायचं असं ठरवून निघाली होती.

"ते नाय," ती म्हणाली.

"काय नाय?"

"ते साल हिचं नाय. त्या सालात दुसरी हाय."

"दुसरी कोण?"

"माझीच. हिच्या आदीची. अकरा दिसांत गेली."

भागूबाईनं तोंडावर हात ठेवला. दाराशी सुंदरा ताठ झाली. आपल्याआधी कुणी होतं, एवढं तिच्या कानावर होतं. कधी, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं टाक खाली ठेवला आणि आवाज हळू केला. "बाई, कशासाठी आलात ते मला ठाऊक आहे. रोज दहा जण येतात. गेलेल्या माणसाला साल लागत नाही. हिच्या नावावर ते लिहिलं तर कुणाचं काय जातं? कागदाला काय कळतंय?"

"तिच्यापाशी तेवढंच हाय," इंदूबाई म्हणाली. "दुसरं कायच नाय. नाव बी नाय."

कारकुनानं कागदाची घडी केली आणि तिच्या हातात दिली. "मग दुरुस्ती कशाला? आहे तो दाखलाच चालू द्या."

बाहेर ऊन रणरणत होतं. भागूबाई गाडीच्या वेळेला निघून गेली. जाताना तिनं इंदूबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग पिंपळाखाली मायलेकी दोघीच उरल्या.

"रागावलीस?" इंदूबाईनं विचारलं.

"माहीत नाही." सुंदरा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "मला वाटलं होतं, खरं कळलं की काय करायचं तेही कळेल."

"मंग? कळलं?"

"नाही."

"मला बी नाय," इंदूबाई म्हणाली. "तुजा बाप आता घर डोक्यावर घेईल. मी तुजी बांदलेली भाकर घालवली का तुला मोकळी केली, मला सांगता यायचं नाय. पन ते साल मला देववलं नाय गं."

सुंदरानं मान हलवली. मग पोलक्याच्या आतून तिनं एक पाकीट काढलं. मुंबईचा अर्ज होता, भरलेला. पुण्याचाही तसाच भरलेला घरी होता, ती म्हणाली. दोन्ही तिनं एकाच दिवशी, एकाच शाईनं भरले होते.

"तिकडं जाऊन काय व्हशील?"

"मॅट्रिक."

"आनि त्याच्या म्होरं?"

"ते तिथंही कुणाला माहीत नसेल, आई. गुरुजींना तरी कुठं माहीत आहे?"

इंदूबाईनं पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. वाचता येत नसलं तरी डिंक लागला आहे की नाही ते तिनं बोट फिरवून पाहिलं. एक कोपरा सुटला होता. तिनं तो जिभेनं ओला केला आणि अंगठ्यानं घट्ट दाबून धरला.

"टपाल किती वाजता बंद व्हतं?"

"चारला."

"मंग बिगीबिगी चल," ती म्हणाली. पोस्ट डावीकडे की उजवीकडे ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं सुंदराला पुढे घातलं.